पास झालेलं सॉफ्टवेअर

सोमवारी सकाळी मी कामावर पोचले तर रिसेप्शनवरच्या बाई दारातच उभ्या होत्या.

“मॅडम, एकही स्कॅन उघडत नाहीये. फाइलींची नावं पण कशीतरीच झालीयेत. आणि स्क्रीनवर इंग्रजीत काहीतरी लांबलचक आलंय, तुम्हीच बघा.”

मी पाहिलं. पहिल्या दोन ओळींतच कळलं. कोणीतरी आमच्या सर्व्हरमध्ये शिरून तिथली प्रत्येक फाइल कुलूपबंद केली होती आणि आता किल्लीसाठी पैसे मागत होतं. खुर्ची ओढून बसले आणि आधी सगळ्या केबली उपटून काढल्या. खरं तर त्याला आता काही अर्थ नव्हता. जे व्हायचं ते रविवारीच होऊन गेलं होतं.

परळमधल्या एका सीटी स्कॅन, एमआरआय करणाऱ्या सेंटरमध्ये मी तेव्हा कॉम्प्युटर विभाग सांभाळत होते. विभाग म्हणजे मी आणि जिन्याखालचं एक टेबल. आसपास मोठी हॉस्पिटलं. तिथून कागद घेऊन पेशंट आमच्याकडे येत, स्कॅन काढत आणि रिपोर्ट घेऊन पुन्हा हॉस्पिटलच्या रांगेत जाऊन उभे राहत. आमच्या सर्व्हरवर अशा हजारो माणसांच्या पोटाची, डोक्याची, मणक्यांची चित्रं होती. त्यांतलं एकही आता उघडत नव्हतं. चित्रांच्या दुसऱ्या प्रती ज्या डिस्कवर जात, ती त्याच सर्व्हरला कायम जोडलेली असायची. तीही गेली. ती डिस्क काम झालं की काढून कपाटात ठेवू या, असं मी किती वेळा म्हटलं असेन. “रोज कोण काढणार आणि लावणार?” हे त्यावरचं ठरलेलं उत्तर.

संचालक डॉक्टर आले. गिरगावात राहणारे जुने, नावाजलेले रेडिओलॉजिस्ट. सेंटर त्यांचंच. त्यांनी स्क्रीन पाहिली, चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला आणि मला म्हणाले, “असं कसं होईल? आपण सर्टिफाइड अँटिव्हायरस घेतला होता ना?”

त्या क्षणी माझ्या डोक्यात जी तिडीक गेली ती अजून पुरती उतरलेली नाही. म्हणून हे लिहिते आहे.

तो अँटिव्हायरस घेतला तो दिवस मला स्वच्छ आठवतो. विकणारा माणूस दादरहून आला होता. इस्त्रीचा शर्ट, गोड बोलणं. त्याच्या लॅपटॉपवर एक चकचकीत सादरीकरण होतं आणि त्यातल्या निम्म्या पानांवर नुसते शिक्के. अमुक लॅबच्या चाचणीत पास, तमुक लॅबमध्ये वरचा दर्जा, सलग इतक्या वेळा उत्तीर्ण. डॉक्टर माना डोलवत होते. शिक्के बघायची त्यांना सवय होती. मशिनांना शिक्का लागतो, औषधांना लागतो, सेंटरलासुद्धा लागतो.

मी मधेच बोलले. “सर, हे घ्यायला माझी ना नाही. पण आधी तीन गोष्टी करायला हव्यात. तुम्ही घरून इंटरनेटवरून ज्या रस्त्याने सर्व्हरवर येता, तो सगळ्या जगाला उघडा आहे. त्याचा पासवर्ड सेंटरच्या नावाचाच आहे. तिथे मोबाइलवर येणारा कोड लावू या. दुसरं, ती डिस्क वेगळी ठेवू या. आणि तिसरं, सगळे जण एकाच मोठ्या अधिकाराच्या लॉगिन-नावाने आत शिरतात, ते बंद करू या.”

डॉक्टर हसले. “अहो, मी रात्रीबेरात्री इमर्जन्सीचे स्कॅन वाचतो. दर वेळी कोड टाकत बसू? आणि हे सगळं बघायलाच तर आपण हे घेतोय ना?” त्यांनी विक्रेत्याकडे पाहिलं.

“अगदी, सर,” तो म्हणाला. “आमचं प्रॉडक्ट रॅन्समवेअरच्या, म्हणजे फाइली अडकवून पैसे मागणाऱ्या व्हायरसच्या, टेस्टमध्ये शंभर टक्के पास आहे. मॅडमनी काळजीच करायला नको.”

मॅडमनी काळजीच करायला नको! हे तो माझ्याकडे न बघता बोलला होता. त्या दिवशी मी घरी येऊन एवढी बडबड केली की आई म्हणाली, “तिकडे आवाज चढवू नकोस. तुलाच भांडकुदळ म्हणतील.” आईचं बरोबर होतं. पुढच्या बैठकीत डॉक्टर खरंच म्हणाले, “मॅडम हुशार आहेत, पण जरा चिडक्या आहेत.” सगळे हसले. मीही हसले. त्या हसण्याचा राग मला सगळ्यात जास्त येतो.

तर तो सोमवार. बाहेर खुर्च्या भरत चालल्या होत्या. डॉक्टरांनी सगळ्या स्टाफला आत बोलावलं आणि सांगितलं, “पेशंटला काही बोलायचं नाही. तांत्रिक अडचण आहे, एवढंच सांगा. ज्यांचे जुने स्कॅन हवेत त्यांचे पुन्हा काढून द्या. पैसे घेऊ नका.”

शेवटचं वाक्य त्यांनी मोठ्या मनाने उच्चारलं. एकदोघांनी मानाही डोलवल्या. जणू फुकटात स्कॅन मिळणार म्हणून पेशंट खूशच होणार होते.

मंगळवारी वरळी कोळीवाड्यातल्या एक मावशी सुनेबरोबर आल्या. साठी ओलांडलेली, अंगाने सुकलेली, पण आवाज खणखणीत. जन्मभर बाजारात मासे विकलेल्या बाईचा आवाज. स्वादुपिंडाजवळ गाठ होती. हॉस्पिटलच्या सर्जननी ऑपरेशन ठरवलं होतं आणि त्यांना आमच्याकडे आधी काढलेल्या स्कॅनची मूळ चित्रं हवी होती. गाठ रक्तवाहिन्यांना कुठे चिकटली आहे हे त्यावरूनच कळणार होतं. मावशींच्या हातातल्या फिल्मवर निवडक चित्रंच होती, तेवढ्याने भागत नव्हतं. स्कॅनिंगच्या मशिनमध्ये चित्रं काही दिवसच राहतात, मग नव्या पेशंटसाठी जागा करायला पुसली जातात. मावशींची पुसली गेली होती. उरली होती ती सर्व्हरवर, कुलपात.

रिसेप्शनच्या बाईंनी सांगितलं, “तांत्रिक अडचण आहे. पुन्हा स्कॅन काढून देतो, पैसे लागणार नाहीत.”

“पुन्हा ते इंजेक्शन?” सून घाबरली. “त्यांच्या किडन्या आधीच कमजोर आहेत. मागच्या वेळी डॉक्टर म्हणाले होते, हे औषध शक्यतो पुन्हा नको.”

त्या स्कॅनमध्ये रक्तवाहिन्या नीट दिसाव्यात म्हणून शिरेतून एक औषध सोडतात. चांगल्या किडन्या ते बाहेर टाकतात. मावशींना जुना मधुमेह होता.

मी जिन्याखालच्या टेबलापाशी उभी राहून हे ऐकत होते. मावशी मोठ्याने म्हणाल्या, “अगो, पन माजा पयला फोटो गेला कुठं? मी काडलाय ना? इथंच काडलाय ना?”

रिसेप्शनच्या बाई कागद चाळू लागल्या. मग मी पुढे गेले.

“मावशी, तुमचा फोटो आमच्याकडून गेला,” मी म्हटलं. “कॉम्प्युटरमध्ये कोणीतरी घुसलं आणि सगळे फोटो बंद करून टाकले. तुमची काही चूक नाही. ही तांत्रिक अडचण वगैरे नाही. आम्ही ते नीट सांभाळले नाहीत.”

खुर्च्यांवरची सगळी माणसं माझ्याकडे बघायला लागली. सुनेने विचारलं, “मग आता परत मिळणारच नाही?”

“मला नाही वाटत. पैसे दिले तरी चोर किल्ली देईलच असं नाही.”

मावशींनी मला नीट न्याहाळलं. “तू मोठी डाक्टर हाय का?”

“नाही. मी कॉम्प्युटर बघते.”

“मग मोठ्याला बोलव,” त्या म्हणाल्या. “त्याने माझ्यासमोर येऊन सांगायला पायजे.”

डॉक्टर आले नाहीत. ते बैठकीत होते. तिकडे हॉस्पिटलमधल्या सर्जननी फोनवर किडनीतज्ज्ञांशी बोलून ठरवलं की चित्रांशिवाय ऑपरेशन करणं जास्त धोक्याचं आहे. भरपूर सलाइन देऊन, औषधाची मात्रा कमी ठेवून पुन्हा स्कॅन काढू या. मावशी आत गेल्या. काचेपलीकडे त्यांचा हात डोक्यावर ठेवलेला दिसत होता, शिरेत सुई. मी तिथून निघून आले. मला बघवेना.

संध्याकाळी डॉक्टरांनी मला केबिनमध्ये बोलावलं.

“तुम्ही पेशंटला काय सांगितलंत?”

“खरं ते.”

“सेंटरचं नाव खराब होईल याचा विचार केलात?”

“सर, त्या बाईंच्या शिरेत आपल्यामुळे दुसऱ्यांदा औषध गेलं. त्यांना कारण कळायला नको?”

“आपल्यामुळे नाही,” ते म्हणाले. “चोरामुळे. आणि त्या अँटिव्हायरसवाल्यामुळे. मी त्याला उद्या बोलावलंय. त्यालाच जाब विचारू.”

त्या रात्री मला झोप आली नाही, म्हणून मी तो चाचणीचा अहवाल उघडला. ज्याचा शिक्का आम्हाला दाखवला होता, तोच. लॅबच्या वेबसाइटवर कोणालाही वाचता येतो. विकत घेण्यापूर्वी आमच्यातल्या एकानेही तो वाचला नव्हता. खोटं कशाला बोलू, तो अहवाल लबाड निघावा असं मला मनापासून वाटत होतं. पैसे घेऊन दिलेला शिक्का, बनावट आकडे, काहीही. म्हणजे माझा राग एका ठिकाणी जाऊन पडला असता.

तसं काही निघालं नाही. अहवाल प्रामाणिक होता. चाचणी कशी घेतली ते त्यांनी साध्या भाषेत लिहिलं होतं. नवं कोरं, सगळे अपडेट घातलेलं विंडोज. इंटरनेट चालू. सॉफ्टवेअरची ताजी आवृत्ती. मग त्यावर घातक फाइली सोडायच्या आणि किती अडवल्या ते मोजायचं. फसवी मेल उघडली, वाईट वेबसाइटवर गेलं, असे प्रसंग. त्यांतल्या सगळ्या फाइली या सॉफ्टवेअरने अडवल्या होत्या. आणि खाली सरळ लिहिलं होतं की हा निकाल या परिस्थितीपुरता आहे.

आमची परिस्थिती काय होती? स्कॅनिंग मशिनच्या कॉम्प्युटरवर कधीचं जुनं विंडोज. मशिन विकणाऱ्या कंपनीने बजावलेलं, की याला अपडेट घालू नका, मशिन बंद पडलं तर आमची जबाबदारी नाही. सर्व्हरवरचे चित्रांचे फोल्डर अँटिव्हायरसने तपासायचेच नाहीत असं ठरवलेलं, कारण तपासताना स्कॅन उघडायला वेळ लागतो आणि डॉक्टरांना वेळ लागलेला चालत नाही. आणि चोर मेलमधून आलाच नव्हता. सर्व्हरवर कोण कधी शिरलं याच्या नोंदी पाहिल्यावर ते अगदी उघड दिसलं. तो डॉक्टरांच्याच रस्त्याने आला. सेंटरच्या नावाचा पासवर्ड त्याने ओळखला, सगळ्यात मोठ्या अधिकाराच्या नावाने आत शिरला आणि मालकाच्या थाटात अँटिव्हायरस काढून टाकला. सॉफ्टवेअरने मुकाट्याने ऐकलं. त्याच्या दृष्टीने हुकूम मालकाचाच होता. कुलपं घालण्याचं काम चोराने त्यानंतर सुरू केलं.

सकाळी विक्रेता आला तो लॅपटॉप घेऊनच. डॉक्टर त्याच्यावर तुटून पडले. त्याने शांतपणे नवं पान उघडलं.

“सर, आमचं प्रॉडक्ट याही वेळच्या टेस्टमध्ये पास झालंय. शंभर टक्के. बघा ना.”

मला वाटलं मी आता ओरडणार. ओरडलेच.

“तुमचं प्रॉडक्ट पास झालं हो! सेंटर नापास झालं, त्याचं काय? तुम्ही इथे आलात तेव्हा आमचा सर्व्हर बघितलात? एकदा तरी त्याच्यासमोर बसलात? त्या फोल्डरांना वगळायला कोणी सांगितलं? तुमच्याच इंजिनियरने येऊन वगळले. अँटिव्हायरस काढून टाकायला वेगळा पासवर्ड लावता येतो, तो लावला का नाहीत? ती सोय तुमच्या सॉफ्टवेअरमध्ये आहे. मी रात्री वाचलं.”

“मॅडम, ती कस्टमरने मागायची असते,” तो म्हणाला.

“कस्टमरला माहीत असतं तर तुम्हाला बोलावलं असतं का?”

त्याने लॅपटॉप मिटला. मग डॉक्टर बोलले, आणि ते मला बोलले. “पण मॅडम, मग त्या टेस्टला अर्थच काय? तुमचं म्हणणं आहे की ती बोगस आहे?”

“नाही, सर. ती खरी आहे. तिचा उपयोगही आहे. बाजारात काय काय कचरा विकतात, त्यातून बरं काय ते निवडायला ती कामाला येते. त्याच्यापुढे ती काही सांगत नाही. ते सॉफ्टवेअर बरं आहे, एवढंच ती सांगते. आपण सुरक्षित आहोत, असं तिने कधीच म्हटलेलं नाही. ते आपण आपल्या सोयीने वाचलं. आणि चोर तुमच्या घरच्या रस्त्याने आला, सर. नोंदी दाखवू का?”

डॉक्टरांचा चेहरा लाल झाला. त्यांनी विक्रेत्याला बाहेर बसायला सांगितलं आणि मला म्हणाले, “हे बाहेर कुठे बोलायचं नाही.”

“पोलिसांत तक्रार देताना बोलावं लागेल.”

“तक्रारीचं मी बघतो.”

बरेच दिवस काही हललं नाही. शेवटी मी सांगितलं की तुम्ही देत नसाल तर मी एकटी जाऊन देते. मग वकील आले आणि तक्रार गेली. तक्रारीत लिहिलं होतं की संस्थेने प्रमाणित सुरक्षा प्रणाली बसवलेली असूनही हा हल्ला झाला. ते ‘असूनही’ वाचून मी कागद टेबलावर आपटला. वकिलांनी समजुतीच्या सुरात सांगितलं, “अहो, तो शिक्का आता आपल्या बाजूचा पुरावा आहे.”

मग मला सगळं कळलं. तो शिक्का चोरासाठी घेतलाच नव्हता. काही झालं तर दाखवता यावा, म्हणून घेतला होता.

मावशींचं ऑपरेशन लांबलं. दुसऱ्या स्कॅननंतर किडन्यांनी जवळपास कामच सोडलं. अंगावर सूज आली. मी सुनेचा नंबर घेऊन ठेवला होता, फोन करायचे. ती आधी तुटक बोलायची, मग हळूहळू सांगायला लागली. कधी रडायची. अनेक आठवड्यांनी ऑपरेशन झालं. गाठ पूर्ण निघाली, तपासणीत साधी निघाली, कॅन्सर नव्हता. हे ऐकलं तेव्हा मी सेंटरच्या जिन्यातच बसून घेतलं. पण किडन्या परतल्या नाहीत. डायलिसिस लागलं ते लागलंच.

डॉक्टरांना मी हे सांगितलं. ते म्हणाले, “त्यांच्या किडन्या आधीच कमजोर होत्या.”

खरं आहे. आधीच कमजोर होत्या. आज ना उद्या डायलिसिस लागलंच असतं, असं किडनीतज्ज्ञही म्हणाले. पण आज ना उद्या म्हणजे कधी? वर्षाने? पाच वर्षांनी? ती वर्षं कोणाची होती? कोणताही डॉक्टर लिहून देणार नाही की हे त्या पुन्हा काढलेल्या स्कॅनमुळे झालं. कोणतंही कोर्ट विचारणार नाही. आणि ज्या कोणी ती कुलपं घातली, त्याला वरळीत अशी एक बाई आहे हे ठाऊकही नसेल. त्याचा राग येतोच. पण तो परका. आम्ही तर मावशींना नाव विचारून, सह्या घेऊन आत घेतलं होतं.

सेंटरने पुढे काय केलं? अँटिव्हायरस बदलला. नव्याचे शिक्के आधीच्याहून जास्त होते. डिस्क आता वेगळी ठेवतात, तेवढं माझ्या भांडणातून निघालं. मोबाइलवरच्या कोडचा विषय मी पुन्हा काढला तेव्हा डॉक्टर म्हणाले, “नव्या प्रॉडक्टमध्ये त्याची गरज पडणार नाही.” मी त्याच दुपारी राजीनामा टाइप केला. आईला फोन केला तर ती म्हणाली, “ओरडून आलीस ना नीट? मग ये घरी.”

आता मी लोअर परळच्या एका ऑफिसात आहे. रविवारी लालबाग, दादरमधल्या छोट्या दवाखान्यांत आणि लॅबमध्ये ओळखीने जाते. त्यांना शिक्क्यांबद्दल सांगत बसत नाही. समोर बसून त्यांची यंत्रणा बघते आणि विचारते, हे सगळं उद्या सकाळी बंद पडलं तर पेशंटला काय द्याल? बहुतेक ठिकाणी उत्तर नसतं. मग तिथून काम सुरू होतं. काही ठिकाणी मला पुन्हा बोलावत नाहीत.

मावशींकडे मागच्या महिन्यात गेले होते. कोळीवाड्यातल्या अरुंद गल्लीत, घराच्या ओट्यावर त्या बसल्या होत्या. डायलिसिसचा दिवस नव्हता म्हणून तब्येतीने बऱ्या होत्या. सून आतून पाणी घेऊन आली. मावशींना आता पाणीसुद्धा मोजून प्यावं लागतं, म्हणून मी माझा ग्लास हातातच धरून बसले.

“त्या चोराला पकडला काय?” त्यांनी विचारलं.

“नाही, मावशी.”

“आनि तो तुजा मोठा डाक्टर?”

“आहे. सेंटर चालू आहे.”

“येक दिवस पन नाय आला गो,” त्या म्हणाल्या. “मी काय खाल्ला असता त्याला? नुसता येऊन बोलला असता, बाई, माज्याकडून चुकी झाली, तर मी काय बोलनार होते?”

सुनेने त्यांच्या पाठीवर हात ठेवला. “आई, शांत व्हा. त्रास होईल.”

“का शांत होऊ?” मावशी म्हणाल्या. आवाज अजून तसाच खणखणीत होता. शेजारच्या ओट्यावर सुकट निवडणाऱ्या बायका हात थांबवून आमच्याकडे बघू लागल्या. मावशींनी त्यांनाही ऐकू जाईल असं, पहिल्यापासून सगळं सांगायला सुरुवात केली, आणि मधे मधे माझ्याकडे बोट दाखवून म्हणत राहिल्या, “हिला इचारा. ही तिथंच व्हती.”

मी प्रत्येक वेळी हो म्हटलं.